आमचे चेहरे कोण विकतो?

रमजानमधल्या एका पहाटे सहेरी आटोपून आम्ही मोबाईल उघडला, तर पडद्यावर अभिनंदनाचा निरोप. आमचे एक छायाचित्र विकले गेले होते. ते कोणी घेतले, कोणत्या देशात घेतले, कशासाठी घेतले, यातले काहीच त्या निरोपात नव्हते. किंमत तेवढी होती. दहा सेंट, म्हणजे आपले आठ-साडेआठ रुपये. मिरज स्टेशनाबाहेर कपभर चहाला दहा रुपये पडतात.

ज्या छायाचित्राचे हे आठ रुपये, त्यासाठी आम्ही सतारमेकर गल्लीतल्या एका चाचांच्या कारखान्यात चार दिवस बसलो होतो. चाचा तंबोऱ्याची जवारी काढत होते. घोडीचा माथा कानसीने घासायचा, तार छेडायची, कान लावायचा, पुन्हा घासायचे. दुपारी चारच्या सुमारास लहान खिडकीतून उन्हाची एक तिरीप त्यांच्या बोटांवर येते आणि दहा मिनिटांत निघून जाते. त्या दहा मिनिटांसाठी आम्ही चार दिवस थांबलो. त्याचे आठ रुपये झाले. चाचांना त्यातले काय द्यायचे, हा प्रश्न आम्हाला पडला आणि त्याची लाजही वाटली.

आम्ही म्हणजे मिरजेतले तिघे जण. दोघांचा लग्नाच्या फोटोंचा धंदा, तिसरा शाळेत चित्रकला शिकवतो. गेली चौदा-पंधरा वर्षे आम्ही इंटरनेटवरून छायाचित्रे विकतो आहोत. या व्यवहारावर मराठीत कोणी फारसे लिहीत नाही; जे लिहिले जाते ते ‘घरबसल्या डॉलर कमवा’ या थाटाचे. म्हणून हे लिहिणे.

धंदा समजायला अवघड नाही. कपडे शिवून घेता येतात तसे तयारही मिळतात. छायाचित्रांचेही तेच. वर्तमानपत्र, जाहिरातवाला, पाठ्यपुस्तकाचा प्रकाशक, बँक, दवाखाना, यांना दर वेळी छायाचित्रकार नेमणे परवडत नाही. ते तयार छायाचित्रांच्या भांडारातून हवे ते निवडतात आणि वापरण्याचा परवाना विकत घेतात. भांडार कंपनीचे, माल आमच्यासारख्यांचा. पूर्वी ही भांडारे मोजक्या नावाजलेल्या छायाचित्रकारांची असत, एकेका छायाचित्राला शेकडो डॉलर पडत आणि त्यातला निम्मा वाटा छायाचित्रकाराला देण्याची सर्वसाधारण रीत होती.

इंटरनेटने ही रीत मोडली. २००० साली कॅनडातल्या कॅलगरी शहरात आयस्टॉकफोटो निघाले. सुरुवातीला तिथे लोक एकमेकांची छायाचित्रे फुकट वापरत. मग नाममात्र दर आला. २००३ मध्ये न्यूयॉर्कला जॉन ओरिंजर यांनी शटरस्टॉक काढले, तेही स्वतःच काढलेल्या हजारो छायाचित्रांच्या भांडवलावर. त्यांनी मासिक वर्गणी ठेवली: ठरलेली रक्कम भरा आणि ठरलेल्या संख्येने छायाचित्रे उतरवून घ्या. २००६ मध्ये गेटी इमेजेसने पाच कोटी डॉलर मोजून आयस्टॉकफोटो विकत घेतले. २०१५ मध्ये फोटोलिया हे भांडार अडोबीकडे गेले. जानेवारी २०२५ मध्ये गेटी आणि शटरस्टॉक यांनी एकत्र येण्याचा करार जाहीर केला. हवशा-नवशांसाठी उघडलेले दार असे दोन-तीन वाड्यांचे होत गेले. दार आजही उघडेच आहे, पण आत गेल्यावर भाव कोण ठरवतो, हे विचारायची सोय नाही.

आम्ही २०११ मध्ये या दारातून आत गेलो. उसनवारीने कॅमेरा घेतला होता. एका शिकवणीवाल्याला फीही दिली होती. झोपेत असतानाही डॉलर जमा होतात, असे तो सांगत असे. त्याची स्वतःची मिळकत छायाचित्रांची नसून आमच्या फीची आहे, हे कळायला आम्हाला दोन वर्षे लागली. आजही आपल्या मोहल्ल्यांतली बेरोजगार पोरे अशा शिकवण्यांत पैसे घालतात. त्यांच्या अब्बा-अम्मींनी निदान एक प्रश्न विचारावा: सर, तुमची गेल्या महिन्याची छायाचित्रांची कमाई दाखवता का?

तेव्हा एका कंपनीत शिरायला परीक्षा होती. दहा छायाचित्रे पाठवायची, सात पास झाली तर प्रवेश. आम्ही तिसऱ्या खेपेला पास झालो आणि मिठाई वाटली. त्यानंतरची नापासी मात्र कायमची. छायाचित्रात दाणे दिसतात, नापास. फोकस हलला, नापास. यासारखे आधीच आहे, नापास. चाचांच्या कारखान्यातले एक छायाचित्र भिंतीवरच्या विमा कंपनीच्या कॅलेंडरमुळे परत आले. कॅलेंडर पुसून पाठवले, तर फळीवरच्या जुन्या रेडिओवर कंपनीचे नाव दिसते म्हणून परत आले. तेही पुसले. तिसऱ्या वेळी भिंतीवरच्या तुग्र्यावर बोट ठेवले गेले. ही दुसऱ्याची कलाकृती आहे, हक्कदाराची लेखी परवानगी जोडा. तो तुग्रा चाचांच्या वालिदांनी स्वतःच्या हाताने लिहिलेला. त्यांना जाऊन कितीतरी वर्षे झाली. परवानगी कोणाची आणायची? शेवटी आम्ही तुग्राही पुसला. छायाचित्र पास झाले. कॅलेंडर, रेडिओ आणि बापाचे अक्षर नसलेला तो कारखाना मग कोणाचाच राहिला नाही.

यानंतर शोधशब्द. प्रत्येक छायाचित्राला चाळीस-पन्नासपर्यंत इंग्रजी शब्द देता येतात. गिऱ्हाईक त्यांवरून शोधते. जवारीला इंग्रजी शब्द काय? गवसणीला काय? तंबोरा कोणी शोधत नाही, म्हणून आम्ही तंबोऱ्याच्या छायाचित्राला ‘सतार’ हा शब्द लावला. ज्या गावाने दीडशे वर्षांहून अधिक काळ दोन्ही वाद्ये घडवली, त्या गावच्या माणसांनी तंबोऱ्याला सतार म्हणावे? आम्ही म्हटले. ही आमच्या अधोगतीची पहिली पायरी होती. पुढच्या पायऱ्या खाली येतीलच.

छायाचित्र जाहिरातीसाठी विकायचे तर त्यातल्या माणसाची लेखी संमती लागते. इंग्रजी छापील कागद. त्यावर नाव, पत्ता, जन्मतारीख, सही आणि साक्षीदार. मोहल्ल्यात हा कागद घेऊन फिरणे काय असते ते आम्हाला विचारा. कागदाची धास्ती जुनीच आहे. डिसेंबर २०१९ मध्ये नागरिकत्व कायद्यातली दुरुस्ती संसदेत मंजूर झाली आणि त्यानंतरच्या हिवाळ्यात तर लोक आमच्या हातातला कागद पाहून दार लोटून घेत. लहानपणापासून ओळखणाऱ्या एका आपांनी आम्हाला विचारले, “कायकू रे दस्तखत? कागद का क्या भरोसा?” आमच्याजवळ उत्तर नव्हते. त्या कागदावर काय लिहिले आहे, हे आम्हाला तरी पुरते कोठे कळत होते?

सही मिळत नसेल तर एक पळवाट असते. छायाचित्र फक्त बातमी आणि लेखासाठी, असा शिक्का मारायचा. मग संमती लागत नाही. आपल्या समाजाची आमची बहुतेक छायाचित्रे अशी पळवाटेने गेली. म्हणजे साबण, बँक, शाळा, विमा यांच्या जाहिरातींसाठी ती बंद झाली आणि बातमीसाठी तेवढी उघडी राहिली. हसऱ्या कुटुंबाच्या जाहिरातीत आपण दिसत नाही आणि बातमीत मात्र हमखास दिसतो, याची कारणे अनेक आहेत. त्यातले एक आमच्या या शिक्क्यात आहे.

आता मोबदला. १ जून २०२० पासून शटरस्टॉकने नवी पद्धत आणली. वर्षातल्या पहिल्या १०० विक्रींपर्यंत छायाचित्रकाराचा वाटा १५ टक्के. तो पायरीपायरीने चढत ४० टक्क्यांवर जातो, पण तिथे पोचायला वर्षात २५ हजारांहून अधिक विक्री व्हावी लागते. आणि १ जानेवारीला सर्वांना पुन्हा तळाच्या पायरीवर आणून ठेवले जाते. वर्गणीतल्या विक्रीला किमान दहा सेंट. टाळेबंदीचे दिवस होते. लग्ने बंद, म्हणजे आमचे दुकान बंद. जगभरच्या छायाचित्रकारांनी आरडाओरडा केला, कित्येकांनी आपला माल काढून घेतला. पद्धत बदलली नाही.

इचलकरंजी आमच्यापासून दूर नाही. तिथल्या यंत्रमाग कामगाराची मजुरी पिकावर ठरते, पैशांत मोजली जाते आणि ती अपुरीच असते. पण तो मोर्चा काढू शकतो, मालकाच्या दारात बसू शकतो, त्याच्यामागे संघटनेचा झेंडा असतो. वीस वर्षे माग चालवलेल्या माणसाला दर १ जानेवारीला ‘तू आजपासून नवशिका’ असे सांगण्याची हिंमत कोणत्या मालकाची आहे? आमचा मालक कोठे बसतो हेच आम्हाला ठाऊक नाही. तो आम्हाला कामगारही म्हणत नाही. इंग्रजीत त्याने आमच्यासाठी जो शब्द निवडला आहे, त्याचा अर्थ योगदान करणारा. योगदान करणाऱ्याला मजुरी मागता येत नाही, हे त्यातले मर्म.

हाती येणाऱ्या रकमेलाही चाळण्या आहेत. खात्यात पंचवीस, पस्तीस, कोठे शंभर डॉलर साठल्याशिवाय पैसे निघत नाहीत. दहा-दहा सेंटांनी शंभर डॉलर व्हायला हजार विक्री लागतात. अमेरिकेतल्या विक्रीवर तिथला कर. दोन देशांतल्या करारानुसार तो १५ टक्के. पण त्यासाठीचा अर्ज नीट भरला नाही तर ३० टक्के. आमच्यापैकी एकाचा अर्ज दोन वर्षे चुकीचा होता. अल्लाहने दिलेल्या रोजीतला असा किती वाटा अज्ञानापायी गेला, याचा हिशोब आम्ही करणे सोडून दिले आहे.

यावर नेहमीचे उत्तर येते: तुम्हाला जबरदस्ती कोणी केली? नका विकू. उत्तर बिनतोड वाटते, पण ते खरे नाही. भांडाराने बाजारभाव दहा सेंटांवर आणला, तो भांडाराबाहेरही उतरला. पूर्वी सांगलीचा एखादा कारखानदार आपल्या पुस्तिकेसाठी आम्हाला बोलावत असे, दिवसाचे पैसे देत असे. आता तो म्हणतो, नेटवर इतके मिळते, तुम्हाला कशाला बोलावू? नेटवर जे मिळते ते आमचेच आहे. आमच्याच मालाने आमचे काम हिरावले. विहिरीचे पाणी टँकरने नेऊन गावालाच विकावे, तसे हे आहे.

येथपर्यंत आम्ही दुसऱ्यांना दोष दिला. पुढचे आमच्यावरच आहे.

चाचांचे छायाचित्र इतक्या वर्षांत मोजून तेवीस वेळा विकले गेले. ईदगाहवर मागून घेतलेले, नुसत्या टोप्यांच्या रांगांचे एक धूसर छायाचित्र आहे. ते शेकडो वेळा विकले गेले. मोहल्ल्यातली डॉक्टर मुलगी, क्रिकेटची बॅट घेतलेली पोरे, सायकल शिकणारी नात, कोर्टात निघालेले वकील, यांना गिऱ्हाईक नाही. बुरखा, टोपी, दाढी, मीनार, गर्दी, यांना आहे. हे कळल्यावर आम्ही काय केले? जे विकते ते काढत गेलो. शोधशब्दांत ‘गरिबी’ लिहिले, ‘परंपरा’ लिहिले, ‘कट्टर’ लिहिले, ‘दडपण’ लिहिले. कोणी सांगितले नव्हते. दहा सेंटांसाठी आम्ही आमच्याच माणसांवर ही लेबले चिकटवली.

आमच्यापैकी एकाच्या खाला उर्दू शाळेत शिक्षिका होत्या. लक्ष्मी मार्केटमधून भाजी घेऊन त्या येत होत्या, पाऊस भुरभुरत होता, चिखलात पाय घसरू नये म्हणून त्या खाली पाहत चालल्या होत्या. आम्ही छायाचित्र घेतले. त्यापुढचे एक होते, त्यात त्यांनी मान वर करून आम्हाला हसत दटावले आहे. हसरे कोणी घेतले नाही. खाली पाहणारे गेले. २२ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका दमातला तिहेरी तलाक रद्द ठरवला आणि त्या आठवड्यात एका बातम्यांच्या संकेतस्थळावर खालांचे ते छायाचित्र आले. खाली लिहिले होते, प्रातिनिधिक छायाचित्र. निकाल चांगलाच होता. आमचा वाद त्याच्याशी नाही. पण ज्या बाईच्या संसाराला पस्तीस वर्षे झाली, जिने शेकडो मुलींना लिहायला-वाचायला शिकवले, ती घसरू नये म्हणून खाली पाहत होती आणि देशाला दाखवली गेली ती पिचलेली, टाकलेली बाई म्हणून. नातवाने मोबाईल पुढे केला तेव्हा खालांनी एवढेच विचारले, “मेरा तलाक कब हुआ रे?” घरात सगळे हसले. आम्हाला हसता आले नाही, कारण ‘दडपण’ हा शब्द आमच्या बोटांनी टंकलेला होता. खाला त्यानंतर आमच्या कॅमेऱ्यासमोर कधी आल्या नाहीत.

आपल्या सभांत, परिषदांत, अंकांत आपण तक्रार करतो की माध्यमे मुसलमानाची विकृत प्रतिमा रंगवतात. तक्रार रास्त आहे. पण ती प्रतिमा पुरवणाऱ्यांत आपलेही हात आहेत, हे कोणीतरी कबूल करायला हवे. आम्ही करतो.

आणि तक्रार करणाऱ्यांनाही आमचे काही सांगणे आहे. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. गावाला आनंद झाला. त्यावर निघालेल्या एका मराठी नियतकालिकाच्या लेखात आमच्या चाचांचे छायाचित्र छापून आले, तुग्रा पुसलेले तेच. खाली ‘सौजन्य: इंटरनेट’. इंटरनेट कोणाचे नाव आहे? ते सतारमेकर गल्लीत चार दिवस बसले होते काय? आम्ही संपादकांना फोन केला. ते सज्जन गृहस्थ. म्हणाले, अहो, प्रसिद्धी मिळाली ना तुम्हाला! नाव नाही तर प्रसिद्धी कोणाची? १९५७ चा कॉपीराइट कायदा छायाचित्राला कवितेइतकीच कलाकृती मानतो आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर त्याचे संरक्षणही कवितेइतकेच, कर्त्याच्या हयातीत व नंतर ६० वर्षे आहे. कवीची ओळ चोरली तर आपल्याकडे वादळ उठते. छायाचित्र मात्र वाटेवर पडलेले असते, ज्याला सापडेल त्याचे. आपल्या माणसांचे वार्षिक अंकही याला अपवाद नाहीत. जिथे लेखकालाच मानधन देणे मुश्कील, तिथे छायाचित्रकाराला काय देणार, हे आम्ही जाणतो. पैसे नसतील तर नका देऊ. नाव तरी द्या. परदेशी कंपनी आठ रुपये देते आणि आपले लोक तेही देत नाहीत, तेव्हा आम्ही शोषणाचे भाषण कोणासमोर करावे?

आता या सगळ्यावर यंत्राचा कळस चढला आहे. २०२२ पासून अशी यंत्रे आली की ओळभर मजकूर टंकला की छायाचित्रासारखे चित्र तयार होते. ही यंत्रे कोट्यवधी छायाचित्रे आणि त्यांना जोडलेले शब्द वाचून शिकली. काही भांडारांनी आपला माल यंत्र शिकवायला रीतसर दिला आणि छायाचित्रकारांना त्याचा वाटा म्हणून काही रक्कम पाठवली. काहींचा माल न विचारताच घेतला गेला, असे त्यांचे म्हणणे आहे. गेटीने २०२३ मध्ये स्टॅबिलिटी एआय या कंपनीवर दावा लावला. यंत्राने काढलेल्या काही चित्रांवर गेटीच्या शिक्क्याची पुसट छाया उमटलेली दिसत होती. लंडनच्या उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये निकाल दिला. शिक्क्याच्या मुद्द्यावर गेटीला थोडेसे यश आले, कॉपीराइटच्या उरलेल्या मुद्द्यावर आले नाही. ते भांडण मुख्यतः दोन कंपन्यांचेच होते.

आम्ही गंमत म्हणून अशा एका यंत्राला सांगितले, भारतीय मुसलमान बाई रस्त्याने चालली आहे असे चित्र काढ. त्याने काढले. काळा बुरखा, अरुंद गल्ली, ओला रस्ता, खाली झुकलेली नजर. ते खालांचे चित्र नव्हते. पण खालांना आम्ही जे शब्द चिकटवले होते त्यांचे होते. आमच्यासारख्या हजारोंनी आठ-आठ रुपयांसाठी लिहिलेले शब्द यंत्राने पाठ केले आणि आता ते आम्हालाच आमचा चेहरा शिकवते आहे. यापुढे त्यासाठी कोणाला आठ रुपयेही द्यावे लागणार नाहीत.

मग करायचे काय? कॅमेरा ठेवून द्यावा, असे आम्हाला वाटत नाही. आम्ही तिघांनी काही गोष्टी ठरवल्या आहेत. जुन्या छायाचित्रांचे शोधशब्द आम्ही एकेक करून बदलतो आहोत. जे दिसते तेच लिहायचे, जे विकते ते नाही. खालांचे छायाचित्र सगळीकडून काढून टाकले. विकलेले परत येत नाही, हेही माहीत आहे. माणसांची छायाचित्रे भांडाराला देणे बंद केले. फळे, भांडी, पावसाळी ढग, एवढेच देतो. चाचांसारख्या कारागिरांची छायाचित्रे आम्ही नाव, गल्ली आणि तारीख लिहून गावातच जपून ठेवतो आहोत, कॅलेंडर, रेडिओ आणि तुग्र्यासह. ज्या अंकाला हवी असतील त्याने मागावीत. आम्ही देऊ. अट एकच, छायाचित्रातल्या माणसाचे नाव आधी, आमचे नंतर.

वाचकांकडे मागणे थोडे आहे. तुमच्या गावात छायाचित्रकार असेल. जलशाची, मुशायऱ्याची, शाळेच्या निकालाची छायाचित्रे त्याच्याकडून काढून घ्या आणि त्याला पैसे द्या. मदरशाच्या, पतसंस्थेच्या, दवाखान्याच्या पुस्तिकेत परक्या देशातली गोरी हसरी माणसे छापू नका. तुमच्याच मुली हसतात, त्यांना विचारून त्यांची छापा. आणि वर्तमानपत्रात ‘प्रातिनिधिक छायाचित्र’ दिसले की संपादकाला पत्र लिहून विचारा, ही बाई कोण आहे? तिला तुम्ही विचारले काय?

चाचांना आम्ही त्यांचे छायाचित्र मोठे करून, चौकटीत बसवून नेऊन दिले. पहिले, तुग्रा असलेले. त्यांनी बराच वेळ पाहिले. स्वतःकडे नाही, मागच्या भिंतीवरच्या अक्षराकडे. मग गल्ल्यातून शंभराची नोट काढली. आम्ही नको नको म्हणत असताना ती आमच्या खिशात कोंबली आणि म्हणाले, “मेहनत की है तो लेना.”